अवं माय, पेशींनी फ्लॅट घेतला म्हणे!

नाव आम्ही घेणार नाही. शेलूबाजारात राहायचं आहे, आठवडी बाजारात त्याच घरच्या माणसांशेजारी उभं राहून वांगी निवडायची आहेत. पण ही गोष्ट पोटात ठेवली तर पोट फुगेल. तर ऐका, आणि पुढं सांगताना आमचा हवाला देऊ नका. आमच्याच भागातली एक पोट्टी, चांगल्या घरची, बारावीला मार्क काढून पुण्याला गेलेली, सध्या तिथं एका प्रयोगशाळेत पेशी पाळते. कुत्रं नाही, मांजर नाही. पेशी! दिवाळीला घरी आली तर अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. आईला वाटलं, झालं, जे व्हायचं ते झालं. खोदून विचारलं तर म्हणते कशी, "माह्या पेशींले आज खाऊ घालायचं हाये वं. मैत्रिणीले सांगून आली, तिनं घातलं का नाई तेच पाहून रायली." आईच्या हातातली करंजी हातातच राहिली. मुलगा असता तर निदान आडनाव तरी विचारता आलं असतं. पेशींना काय विचारणार?

समृद्धी महामार्गाचा फाटा आमच्याकडे उतरल्यापासून मुंबईची हवा नागपूरला जाता जाता इथं थांबते, हे आम्ही मागेच बोललो होतो. कुणी ऐकलं नाही. आता भोगा. चहाच्या टपरीवर ताबडतोब चौकशी समिती बसली. निवृत्त गुरुजी अध्यक्ष, कृषी केंद्रवाले भाऊ सचिव, मेडिकलवाले दादा तज्ज्ञ सदस्य, आणि भाजीवाल्या मावशी, ज्यांना कुणी नेमलं नव्हतं पण निकाल त्याच देतात. सोयाबीनचा भाव विचारायला आलेले दोन कास्तकारही बसले. पोट्टीला बोलावणं गेलं. ती आली, आणि पर्समधल्या प्लास्टिकच्या डबीत एक नमुना घेऊनच आली. म्हणजे लपवाछपवी वगैरे काही नाही, राजरोस!

डबीत काय होतं? काचेच्या पट्टीवर चिकटवलेला एक पारदर्शक तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, बोटानं दाबला तर दबणारा. उन्हात तिरका धरला की आत ओरखड्यासारख्या रेघा दिसत. रेघांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "बस? एवढंच?" या एवढ्याशा वस्तूला म्हणे मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात. रेघा म्हणजे गल्ल्या, रुंदी काही दहा मायक्रोमीटरपासून शे-दोनशे मायक्रोमीटरपर्यंत. माणसाची तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे काही गल्ल्यांतून तिला एकटीलाच जाता येतं. एका भोकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि मध्ये पेशींचा संसार.

पेशी पाळणं तसं जुनंच. पसरट ताटलीत लालसर गुलाबी पाण्यात पेशी सोडायच्या, सदतीस अंश सेल्सिअसच्या उबदार कपाटात ठेवायच्या, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. बिचाऱ्या तळाला पसरून राहायच्या. ना वारा, ना वाहतं पाणी, ना शेजार. शरीरात कुठली पेशी अशी राहते? तिथं रक्त अंगावरून वाहत असतं, श्वासाबरोबर भिंती ताणतात, शेजारी भलत्याच अवयवाच्या पेशी असतात. मग संशोधकांच्या मनानं घेतलं, की ताटली नको, स्वतंत्र ब्लॉक हवा. चोवीस तास नळ, आणि सांडपाण्याची वेगळी सोय. आमच्या वॉर्डात नळ कधी येतो ते विचारू नका.

आता खरी भानगड. २०१० साली हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटमधल्या डॅन हुह, डॉनल्ड इंगबर आणि त्यांच्या साथीदारांनी 'सायन्स' या नियतकालिकात उघड उघड छापून टाकलं, की आम्ही एका चिपमध्ये दोन घराणी एकत्र नांदवली आहेत. वरच्या मजल्यावर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी, त्यांच्या डोक्यावर हवा. खालच्या मजल्यावर रक्तवाहिनीच्या पेशी, त्यांच्या अंगावरून रक्तासारखं पाणी. मध्ये एक पातळ पडदा. आणि पडद्याला भोकं! मावशींनी इथं पदर तोंडाला लावला. पुढचं ऐका. दोन्ही बाजूंना रिकाम्या पोकळ्या ठेवल्या होत्या. त्यांतली हवा तालात ओढायची आणि सोडायची, की अख्खं घर ताणायचं आणि सैल व्हायचं. चिप श्वास घेऊ लागली. मग वरच्या मजल्यावर मुद्दाम जंतू सोडले. तर खालून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी थांबल्या, पडद्याच्या भोकांतून अंग चोरून वर चढल्या आणि जंतूंना गिळलं. हे सगळं चाललं असताना लोक वरून सूक्ष्मदर्शकातून बघत होते! चिप पारदर्शक आहे ना. पडदा आहे, पण आडपडदा कसलाच नाही.

एकानं केलं की दुसऱ्याला राहवतं का? यकृताची चिप आली, मूत्रपिंडाची आली, वारेची आली, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची आली. आतड्याची आली, तीही ताणून-सोडून आतड्यासारखी हलवलेली. मग कुणीतरी यकृताचं पाणी मूत्रपिंडाला जोडलं. २०१५ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमनं या अवयव-चिपांना वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून गौरवलं, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं नमुने संग्रहात घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये तर चिपांमधल्या पेशींना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर धाडलं. आमच्या कृषी केंद्रवाल्या भाऊंनी पासपोर्ट काढला, त्यावर एक शिक्का उमटला नाही, आणि या पेशी अंतराळात!

मावशींचा आवडता किस्सा मात्र वेगळाच. तोही २०१० चाच, तो काळच वाईट होता. या यंत्राचं नाव 'मदर मशीन'. एका टोकाला बंद अशा पुष्कळ बोळकांड्या, आणि प्रत्येक बोळाच्या बंद टोकाला ई. कोलाय जातीचा एकेक जिवाणू. ती आई तिथं बसून वीसेक मिनिटांनी दुभंगते. लेक पुढं ढकलली जाते. तिच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं तिसरी. पहिली बोळाच्या तोंडाशी आली की मुख्य गल्लीतल्या धारेत वाहून जाते. आई जागेवरच. अशा शेकडो पिढ्या. बघायचं काय होतं, तर म्हातारी वयानं मंदावते का. वाढीचा वेग काही उतरला नाही म्हणे. पोट्टी हे फार कौतुकानं सांगत होती. मावशींनी जुडी बांधता बांधता निकाल दिला, "लेकी गेल्या, म्हातारी कोनाड्यात पडली, अन् पाहणारे पाहून रायले. त्याच्यात नवीन काय हाये, बाई?"

गुरुजींचं डोकं मात्र पाण्यातच अडकलं. इतक्या बारीक गल्लीत पाणी वाहतं कसं? पोट्टी म्हणाली, शिस्तीत. मोठ्या नदीत भोवरे येतात, उसळी येते. केसाएवढ्या वाटेत पाण्याचा चिकटपणा त्याच्या वेगावर कायमचा स्वार असतो, त्यामुळं भोवरा येऊच शकत नाही. एक निळं आणि एक पिवळं पाणी एकाच गल्लीत सोडलं तर ती दोन्ही एका वाड्यात नांदणाऱ्या, बोलणं टाकलेल्या जावांसारखी अंगाला अंग लावून जातात, मिसळत नाहीत. जो काही थोडा हिरवा रंग येतो तो सीमेवर, रेणू सावकाश इकडचे तिकडे सरकल्यामुळं. या भांडणाचा फायदा घेणारेही निघाले. हार्वर्डच्याच जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं २००१ साली दाखवलं, की दोन धारांच्या बरोबर सीमेवर एक जिवंत पेशी बसवली तर तिच्या डाव्या अंगाला एक औषध आणि उजव्या अंगाला दुसरं देता येतं. एकाच पेशीला! एवढी बारीक आगलावी तर आमच्या चौकातही कुणाला जमलेली नाही.

ही चिप बनते कशी, हे समितीनं खोदून विचारलं. आधी सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशानं नक्षी उठवायची, त्यासाठी धूळ नसलेली खोली, अंगभर पांढरे कपडे, डोक्याला टोपी. त्या साच्यावर एक मधासारखा घट्ट द्रव ओतायचा, दहा भागांना एक भाग कडक करणारा पदार्थ मिसळून. मग निर्वात भांड्यात ठेवून त्यातले बुडबुडे उपसायचे, ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवायचं, आणि थंड झाल्यावर सोलून काढायचं. या द्रवाचं नाव पॉलीडायमिथाइलसिलॉक्सेन, लाडानं पीडीएमएस. इथं मेडिकलवाले दादा एकदम ताठ बसले. कारण गॅसच्या गोळ्यांवर आणि सिरपवर जे सिमेथिकोन लिहिलेलं असतं, ते म्हणजे हाच पीडीएमएस, थोडी सिलिका मिसळलेला. "म्हणजे हार्वर्डात ज्याचं घर बांधते, ते आपण जेवण झाल्यावर घेतो?" होय. पोटातला फेस मोडायला. दादांची मान त्या दिवशी जी वर गेली ती अजून खाली आली नाही.

पुढची गंमत अशी. एवढी धूळमुक्त खोली, एवढा थाटमाट, आणि चिप सोलून बाहेर आणली की तिच्यावरची धूळ काढतात कशानं? वह्यांना लावतो त्या साध्या चिकटपट्टीनं! पट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची. मग प्लाझ्माच्या यंत्रात काच आणि चिप काही सेकंद धरली की दोन्ही एकमेकांना अशा चिकटतात की फाटतील पण सुटणार नाहीत. त्यापुढं एकच शत्रू उरतो, बुडबुडा. नळीतून एक बुडबुडा आत शिरला की गल्ली तुंबते, आणि तो सरकत गेला तर वाटेतल्या पेशींना खरवडून नेतो. तीन आठवडे वाढवलेला संसार एका बुडबुड्यानं उठल्याचं सांगताना पोट्टीचा आवाज जरा बसला. आम्ही आपलं चहाच्या कपाकडे पाहिलं.

बरं, कुणाच्या पेशी? काही प्रयोगशाळा बाटलीत विकत घेतात. माणसाच्या पेशींत यातलं सगळ्यांत जुनं नाव हेला. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतल्या या पेशी, १९५१ साली त्यांना न विचारता घेतलेल्या. बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी आजही वाढतात. कंपन्यांनी त्यांवर धंदा केला, आणि घरच्यांना कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. २०२३ साली कुठं एका मोठ्या कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली. आमच्या चर्चेत हसण्यासारखं पुष्कळ असतं. यात नव्हतं. मावशींनी बाईंचं नाव दोनदा विचारून घेतलं.

खाण्याचं ऐकाल तर कानांत बोटं घालाल. या सगळ्या फॅडाचं मोठं भांडवल हे, की उंदीर-सशांवर औषधं तपासायची गरज कमी होईल. उंदराला चाललेलं औषध माणसाला चालतंच असं नाही, म्हणून माणसाच्याच पेशींवर बघा. २०२२ च्या अखेरीस एका अभ्यासात ८७० यकृत-चिपांवर २७ औषधं तपासली. प्राण्यांवरच्या चाचण्यांतून निसटून पुढं माणसांच्या यकृताला बाधलेल्या औषधांपैकी ८७ टक्के चिपांनी पकडली. त्याच डिसेंबरात अमेरिकेनं कायदा बदलून नव्या औषधाआधी प्राण्यांवर चाचणी झालीच पाहिजे ही सक्ती काढली, आणि २०२३ साली आपल्या सरकारनंही नियमांत अवयव-चिपांना जागा दिली. सरकारची संमती, म्हणजे आता बोलायची सोयच राहिली नाही! पण या अहिंसक पेशी जेवतात काय? बहुतेक ठिकाणी त्यांच्या खाण्यात वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव घातलेला असतो. गुरुजी माळकरी. त्यांनी चहा अर्धाच सोडला. बिनगर्भद्रवाचं खाणंही निघालं आहे, पण सगळ्या पेशींना ते रुचत नाही आणि सगळ्या खिशांना परवडत नाही. आणि घराच्या भिंतीही काही सोवळ्या नाहीत. पीडीएमएस तेलकट स्वभावाची औषधं स्वतःच शोषून घेतो. पेशीला दिलेला डोस भिंत खाते, आणि मग संशोधक लिहितात की औषधाचा परिणाम कमी दिसला!

या सगळ्यात आम्हाला जी गोष्ट खरोखर खटकली ती वेगळी. चिप तिकिटाएवढी, मान्य. तिच्यामागं काय लागतं? एका मिनिटाला काही मायक्रोलिटर पाणी ढकलणारे सिरिंज पंप. सदतीस अंशांचं कपाट. पाच टक्के कार्बन डायऑक्साइड पुरवणारं सिलिंडर. टेबल व्यापणारा सूक्ष्मदर्शक. त्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला संगणक, संगणकाला इन्व्हर्टर. एवढासा नवरदेव आणि चार ट्रॅव्हल्स भरून वऱ्हाड! 'लॅब-ऑन-अ-चिप' म्हणून बारसं केलं, प्रत्यक्षात 'चिप-इन-अ-लॅब' झालं, असं त्या धंद्यातले लोक स्वतःच एकमेकांना टोमणे मारतात. आमचं म्हणणं त्यांच्यापेक्षा थोडं सरळ आहे. जी चिप पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीतून निघून शेलूबाजारच्या सरकारी दवाखान्यातल्या टेबलावर, लाइट गेलेली असताना चालेल, तिच्याविषयी आम्ही कौतुकानं बोलू. तोवर आम्ही नावं ठेवणार, तो आमचा हक्क आहे.

अर्थात नुसतं वऱ्हाड टाळलं म्हणून संसार खरा ठरत नाही. एलिझाबेथ होम्स ठाऊक असतील. २००३ साली थेरॅनोस काढली, बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात ढीगभर चाचण्या करतो म्हणून सांगितलं, कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलरपर्यंत नेली. २०१५ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं पोल उघडली. बऱ्याचशा चाचण्या बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, तेही रक्त पातळ करून, चालल्या होत्या. २०२२ च्या जानेवारीत गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी, नोव्हेंबरात अकरा वर्षांहून जास्त शिक्षा. भाऊ म्हणाले, "बियाण्याच्या बोगस थैलीवर बी असंच लिवलेलं असते, एका एकरात एवढं पीक."

पण याच खानदानात काही साधी माणसंही आहेत, आणि त्यांचं आम्ही मुद्दाम सांगतो. कॅलिफोर्नियात मिशेल खाइन यांना नवी नोकरी मिळाली, पण धूळमुक्त खोली मिळाली नाही. त्यांनी लहान मुलांचं एक खेळणं घेतलं, तापवलं की आकसणारं प्लास्टिक. त्यावर लेझर प्रिंटरनं रेघा छापल्या, घरच्या ओव्हनमध्ये टाकलं. प्लास्टिक आकसलं, शाईच्या रेघा उंच झाल्या, चिपेचा साचा तयार. २००८ साली शोधनिबंध छापून आला. व्हाइटसाइड्स यांच्या गटानं २००७ साली कागदावरच गल्ल्या काढल्या, पंपाची भानगडच नको, कागद स्वतः पाणी ओढतो. मेरठमध्ये जन्मलेले, स्टॅनफर्डचे मनू प्रकाश यांनी तर दोऱ्यात ओवून गरगर फिरवायच्या बटणावरून कागदी सेंट्रिफ्यूज केलं. २०१७ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचा वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत गेला होता, वीज शून्य. हे बटण आमच्या पिढीनं शाळेत फिरवलं आणि गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. गुरुजी तिथंच बसले होते, त्यांनी विषय बदलला. आणि घरचं उदाहरण हवं तर गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही चाचणी बघा. तिच्यात जिवंत पेशी नांदत नाहीत, पण क्षयाच्या जंतूचा डीएनए एका छोट्या चिपवर ओळखते, बॅटरीवर चालते, तासाभरात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली तिची शिफारस केली. म्हणजे लवाजमा सोडून गावात येता येतं.

आणि गावात येऊन या चिपेनं बघावं काय, तर आमच्या विदर्भात तिच्यासाठी स्थळ केव्हाचं तयार आहे. सिकलसेल. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं; एवढीशी चूक. ऑक्सिजन आहे तोवर पेशी गोल, मऊ, कुठूनही वाकून जाणारी. ऑक्सिजन कमी झाला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी कडक. मग ती बारीक रक्तवाहिनीत अडते, मागच्या पेशींची वाट अडवते, आणि माणसाचे सांधे, छाती, पोट असह्य दुखायला लागतं. चांगली तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी पहिल्यांदा अशा पेशींचं वर्णन केलं, १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचाच आजार असल्याचं दाखवलं, आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे बातमी जुनी आहे, कुजबुज मात्र अजून दाराआड.

आता सांगा, अरुंद वाटेत अडणारी पेशी, आणि अरुंद वाटाच करणारं शास्त्र! पत्रिका याहून काय जुळायची? २००७ साली अमेरिकेत जॉन हिगिन्स, संगीता भाटिया, एल. महादेवन आणि साथीदारांनी सिकलसेलचं रक्त अशाच चिपेच्या गल्ल्यांतून सोडलं आणि बाजूनं ऑक्सिजन कमी-जास्त केला. कमी केला की गल्ली तुंबली, वाढवला की पुन्हा वाहती झाली. रुग्णाच्या अंगात जे होतं ते डोळ्यांसमोर, माणसाला न दुखवता. आणि पवईला, मुंबईच्या आयआयटीत, देबजानी पॉल यांचा गट सिकलसेलची स्वस्त आणि झटपट तपासणी सूक्ष्म गल्ल्यांच्या चिपेवर कशी करता येईल याच्या मागं आहे. ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग हे आधी सांगायचं न! मी तुले उगीच बोलून रायली." मावशींनी माघार घेतल्याची ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिली घटना, म्हणून आम्ही नोंदवून ठेवतो.

सध्या गावोगाव जी तपासणी होते ती साधी आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. विरघळण्याच्या चाचणीत बोटाचं थेंबभर रक्त नळीतल्या औषधात टाकतात, आणि नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर शंका, मग पुढची पक्की तपासणी. ही नळी एवढंच सांगते की काहीतरी आहे. नुसता वाहक की पूर्ण रुग्ण, हे तिला कळत नाही. तपासणी झाली की कार्ड मिळतं. आणि चौकात खरी आग लागली ती या कार्डावरून.

कारण असं, की आपल्या या पेशी पाळणाऱ्या पोट्टीला स्थळ आलं. अमरावतीकडचा मुलगा, नोकरी, पाच एकर संत्र्याची बाग. पत्रिका जुळली, छत्तीसपैकी अठ्ठावीस. पोहे खाऊन झाले. मुलाच्या मामानं विचारलं, मुलीला काही विचारायचं आहे का? आम्ही म्हटलं आता पुण्याला राहायचं की अमरावतीला, हे विचारेल. तर ती म्हणते, "तुमचं सिकलसेलचं कार्ड हाये का? माह्यं हे घ्या." आणि आपलं कार्ड पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. स्वतः ती वाहक आहे, हे असं भर बैठकीत! वाहक म्हणजे तिला काहीच त्रास नाही, धडधाकट आहे. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता पूर्ण आजाराची. एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल, आजारी नाही. हे तिनं बशीतल्या चार शेंगदाण्यांवर समजावून दिलं. मुलाचे वडील शेंगदाण्यांकडे बघत बसले. आई आत जाऊन देवासमोर उभी राहिली. मामा म्हणाले, आमच्या घरात असलं काही नाही. मुलगा म्हणाला, "मामा, तपासलं कधी?"

चौकात दोन तट पडले. भाऊंचं म्हणणं, पोरीनं थोडं थांबून, साखरपुड्यानंतर सांगायला हवं होतं. गुरुजी भडकले, साखरपुड्यानंतर सांगायचं तर मग तपासायचं कशाला! मावशी मुलावर खूश आहेत, "बोलला तरी बिचारा." आणि मेडिकलवाल्या दादांकडून आतली खबर अशी, की बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी मुलाच्या आईचा त्यांना फोन आला होता. आवाज हळू. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते का, पुरुषाचीपण होते का, आणि रिपोर्टवर पत्ता लिहितात का. मुलानं सोमवारी रक्त दिलं आहे म्हणे. रिपोर्ट यायचा आहे. इकडे हॉलवाला तारखेसाठी अॅडव्हान्स मागून राहिला आहे, आणि पोट्टीचं अर्धं लक्ष अजून मोबाइलमध्येच, मैत्रिणीनं खाऊ घातलं की नाही म्हणून.